शार्ड, चिप, स्लिव्हर, क्रंब: फुटक्या-तुटक्या तुकड्यांचे इंग्रजी शब्द नेमके कुठे वापरायचे

मराठीत आपण नुसतं 'तुकडा' म्हणून थांबत नाही. दगडाची कपची, लाकडाची ढलपी, भिंतीचा पोपडा, खापराची ठिकरी, तांदळाची कणी, कागदाचा कपटा, कापडाची चिंधी, खोबऱ्याची कातळी असे वेगवेगळे शब्द सहज तोंडात येतात. इंग्रजी बोलायची वेळ आली की मात्र या सगळ्यांचा एकच 'पीस' होतो, फार तर 'स्मॉल पीस'. गप्पांमध्ये ते खपून जातं. पण गोव्यात हजारो लोकांचं पोट इंग्रजीवर चालतं. हॉटेलातल्या अपघाताचा रिपोर्ट, काजूची ऑर्डर, घरदुरुस्तीचं कोटेशन, विम्याचा दावा, जुन्या गोव्यात पर्यटकांना दिलेली माहिती, या सगळ्या ठिकाणी 'पीस' लिहिलं की समोरच्याला चार प्रश्न परत विचारावे लागतात. शब्द चुकला तर पैसेही चुकतात.

सोपा मार्ग असा की 'तुकड्याला इंग्रजीत काय म्हणतात' हे विचारायचंच नाही. आधी मनात नेमका मराठी शब्द आणायचा आणि मग इंग्रजीकडे जायचं. कपची आणि पोपडा यांतला फरक ज्याला कळतो, त्याला चिप आणि फ्लेक यांतला फरक शिकवावा लागत नाही.

शब्द निवडण्याआधी चार प्रश्न

पहिला, वस्तू कशाची आहे: काच, लाकूड, दगड, धातू, कापड की खाण्याचा पदार्थ? दुसरा, तुकडा सुटला कसा: आपटून, चिरून, तासून, फाडून, की आपोआप झडून? तिसरा, आकार कसा: टोकदार, सुईसारखा, पातळ-चपटा, जाडजूड की कणाएवढा? चौथा, तो एकेक मोजायचा आहे की ढीग म्हणून सांगायचा आहे?

यांतला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच आपण विसरतो. एकच फणसाची फळी घेऊन पाहा. कुऱ्हाडीने किंवा पटाशीने उडालेली ढलपी म्हणजे चिप. धाग्याच्या दिशेने फळी चिरली आणि टोकदार कुसळ सुटलं तर तो स्प्लिंटर. रंधा मारताना निघालेली पातळ गुंडाळी म्हणजे शेव्हिंग. करवतीखाली पडलेला भुसा म्हणजे सॉडस्ट. मापात कापून उरलेला, अजून कामाला येईल असा तुकडा म्हणजे ऑफकट. लाकूड तेच, हत्यार बदललं की शब्द बदलला. धातूचंही तसंच आहे. कानशीने घासून पडलेला चुरा म्हणजे फायलिंग्ज, लेथवर निघालेली वळणदार चिंधी म्हणजे स्वार्फ, आणि भंगारात जाणारं सगळं मिळून स्क्रॅप.

पुढे वाक्यं देताना 'चा, ची, चे' दाखवणारा शब्द 'ऑव्ह' असा आणि सुटून पडणं दाखवणारा शब्द 'ऑफ' असा लिहिला आहे. हे दोन शब्द मिसळले की अर्थ बिघडतो.

काच

हॉटेल आणि रेस्टॉरंटमध्ये सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. वाइनचा ग्लास टाइल्सवर पडला की एका फटक्यात चार प्रकारचे तुकडे होतात. हाताने उचलता येतील असे मोठे, धारदार, कोनेदार तुकडे म्हणजे शार्ड्स. लांबट, पातळ, कडेने धार असलेली शकलं म्हणजे स्लिव्हर्स. सुईएवढं बारीक आणि कातडीत घुसणारं कुसळ म्हणजे स्प्लिंटर. उरलेला बारीक चुरा 'टायनी बिट्स ऑव्ह ग्लास' म्हणून सांगायचा. सगळं मिळून 'ब्रोकन ग्लास' म्हणतात, आणि ते एकवचनीच राहतं. 'ब्रोकन ग्लासेस' म्हटलं की ऐकणाऱ्याला फुटलेले पेले किंवा फुटलेला चष्मा वाटतो.

हा भेद साफसफाईच्या पद्धतीतही लागतो. शार्ड्स झाडू-सुपलीने गोळा होतात. स्लिव्हर्स झाडूच्या काड्यांत अडकतात आणि पुढच्या खोलीत जाऊन पडतात. त्यांच्यासाठी ओला जाड कागद जमिनीवर दाबून उचलायचा आणि तो कागद लगेच टाकून द्यायचा. मग दिवे मालवून टॉर्च जमिनीलगत आडवा धरायचा, म्हणजे राहिलेले स्लिव्हर्स चमकतात. कचऱ्यात टाकताना वर्तमानपत्रात गुंडाळून वर 'ब्रोकन ग्लास' लिहायचं, कारण पिशवी उचलणाऱ्याचा हात आधी तिथेच जातो. बर्फाच्या पेटीजवळ ग्लास फुटला असेल तर काचा शोधत बसू नये. सगळा बर्फ वितळवून पेटी रिकामी करायची, धुवायची, मगच पुन्हा भरायची. बर्फात काच दिसत नाही.

शॉवरचं दार किंवा गाडीची बाजूची काच टेम्पर्ड असते. ती फुटली की लांब सुऱ्यांसारखे तुकडे न होता बोथट, खडीसारखे बारीक दाणे होतात. त्यांना शार्ड्स लिहिलं तर विमा कंपनीच्या माणसाला वाटेल की साधी काच बसवली होती. तिथे 'स्मॉल क्यूब्स ऑव्ह टेम्पर्ड ग्लास' असं साधं लिहावं.

आता 'चिप'. हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो: उडालेली कपची आणि ती उडाल्यावर उरलेला खड्डा. फरक दाखवतो त्याच्या पुढचा शब्द, 'ऑव्ह' की 'इन'. 'अ चिप ऑव्ह ग्लास' म्हणजे काचेची कपची. 'अ चिप इन द ग्लास' म्हणजे ग्लासच्या काठाला पडलेला टवका. पाहुणा 'देअर इज अ चिप इन माय ग्लास' म्हणाला आणि वेटर पेयात काही पडलंय का ते पाहू लागला, तर दोघांचीही पंचाईत. असा ग्लास आणि असा कप कपाटात परत ठेवायचा नसतो. ओठ कापतो आणि टवक्यात जंतू साठतात. तडा गेलेला म्हणजे 'क्रॅक्ड', तिथे तुकडा सुटलेला नसतो. टवका उडालेला म्हणजे 'चिप्ड'. ठिकऱ्या उडाल्या म्हणजे 'शॅटर्ड'. नुसतं 'ब्रोकन' यांतलं काहीच नक्की सांगत नाही. दातांनाही हेच लागू आहे. 'चिप्ड टूथ' आणि 'क्रॅक्ड टूथ' यांवरचे उपचार वेगळे असतात, म्हणून दंतवैद्याला फोन करतानाच शब्द नेमका सांगावा.

भिंत, स्लॅब आणि चिरा

पावसाळा संपला की गोव्यात घराघरांतून रंगाऱ्याला बोलावणं जातं. मालक परदेशात, घर इथे, आणि मधला सगळा व्यवहार इंग्रजी मेसेजवर अशी कितीतरी घरं आहेत. तिथे शब्द असे लावावेत. रंगाचे छोटे चपटे पोपडे पडत असतील तर 'द पेंट इज फ्लेकिंग', आणि एकेक पोपडा म्हणजे फ्लेक. रंग सालीसारखा पट्ट्यांनी सुटत असेल तर 'पीलिंग'. फुगे आले असतील तर 'ब्लिस्टरिंग'. हात फिरवला की पांढरी पूड लागते ते 'चॉकिंग'. कारणं साधारण अशी: फुगे आणि साल हे बहुधा आतून आलेल्या ओलीचं काम, तर पूड हे उन्हाने म्हाताऱ्या झालेल्या रंगाचं. पहिल्यात आधी गळती शोधावी लागते. दुसऱ्यात घासून नवा हात मारला तरी भागतं.

स्लॅबखालून सिमेंटचे ढपले पडतात तेव्हा बहुतेक जण 'प्लास्टर इज फॉलिंग' लिहितात. पडलेला तुकडा उचलून पाहा. त्यात खडी दिसली तर ते प्लास्टर नव्हे, काँक्रीट आहे. वर गंजलेली सळीही दिसली तर या प्रकाराला 'स्पॉलिंग' म्हणतात. समुद्राच्या खाऱ्या हवेतले क्षार काँक्रीटमधून आत शिरतात, सळी गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडतो. 'फ्लेकिंग प्लास्टर'चं कोटेशन आणि 'स्पॉलिंग काँक्रीट'चं कोटेशन यांत मोठा फरक असतो, आणि तो असायलाच हवा. दुसऱ्यात सळी साफ करून तिला संरक्षक लेप द्यावा लागतो. नुसतं सिमेंट थापलं तर दोनेक पावसाळ्यांत तेच पुन्हा पडतं.

आपला चिरा, म्हणजे जांभा, खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत राहिला की कठीण होतो. कच्चा चिरा भिंतीत गेला आणि हाताने भुगा होऊ लागला तर 'द लॅटराइट इज क्रम्बलिंग'. घडताना उडालेल्या कपच्या म्हणजे चिप्स. यंत्राने कापून उरलेले तुकडे ऑफकट्स. पाडकामाचा दगडविटांचा ढीग म्हणजे रबल. त्यात लाकूड, पत्रा, प्लास्टिक, वायर असं सगळं मिसळलेलं असेल तर डेब्री. डेब्रीच्या स्पेलिंगमध्ये शेवटी एस आहे, पण तो उच्चारायचा नाही. गोव्यात सर्रास 'डेब्रिस' ऐकू येतं.

खडीला आपले कंत्राटदार 'मेटल' म्हणतात. भारतीय बांधकामात तो जुना, रुळलेला शब्द आहे, पण परदेशातल्या घरमालकाला त्यातून लोखंड-पितळच कळतं. बिलात '20 मिमी क्रश्ड स्टोन' किंवा 'ॲग्रिगेट' लिहावं. खनिजाच्या व्यवहारात आणखी एक जोडी आहे, डिचोली-सांग्याच्या लोकांच्या कानावरून गेलेली: लम्प्स आणि फाइन्स. लोहखनिजाचे मोठे ढेकळ म्हणजे लम्प्स, साधारण 10 मिलिमीटरच्या खालचा चुरा म्हणजे फाइन्स. हा शब्द कायम अनेकवचनी. 'अ फाइन' म्हटलं की दंड.

काजू: तुकड्याच्या आकारावर भाव ठरतो

इंग्रजीतला तुकड्यांचा शब्दसंग्रह सर्वांत काटेकोरपणे कुठे वापरला जात असेल तर तो काजूच्या प्रतवारीत. इथे अंदाजाला जागा नाही, चाळणीच ठरवते. अख्खा पांढरा गर म्हणजे डब्ल्यू आणि पुढे आकडा. डब्ल्यू 180, 210, 240, 320, 450. आकडा म्हणजे एका पाउंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात ते. म्हणून आकडा लहान तितका काजू मोठा. नवखा ग्राहक हमखास उलटं समजतो.

फुटलेल्या गराचे शब्द असे. गर आडवा तुटला, पण त्याच्या दोन पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्याच राहिल्या, तर ते बट्स. उभा, नैसर्गिक सांध्यावर सुटून पाकळी झाली तर स्प्लिट्स. त्याहून जास्त तुकडे झाले की पीसेस. 4.75 मिलिमीटरच्या चाळणीवर राहिले तर लार्ज व्हाइट पीसेस. त्यातून खाली गेले पण 2.80 मिलिमीटरच्या चाळणीवर अडले तर स्मॉल व्हाइट पीसेस. तिथूनही खाली गेलेले, पण 1.70 मिलिमीटरवर अडलेले कण आणि अंकुर म्हणजे बेबी बिट्स. भाजताना गर तांबूस झाला असेल तर नावाआधी 'स्कॉर्च्ड' लागतं.

ऑर्डर घेताना चूक होते ती 'ब्रोकन काजू' या शब्दाने. बेकरीवाल्याला केकवर लावायला स्प्लिट्स हवे असतात, मिठाईवाल्याला वाटणाला बेबी बिट्स चालतात, आणि दोघेही फोनवर 'ब्रोकन' म्हणतात. 'स्प्लिट्स की पीसेस, आणि पीसेस असतील तर लार्ज की स्मॉल' एवढं विचारून लिहून घेतलं की माल परत येत नाही.

तांदळात मात्र 'ब्रोकन'च बरोबर आहे. कणीला 'ब्रोकन राइस' म्हणतात. चहात अख्ख्या पानाखालोखाल ब्रोकन, मग फॅनिंग्ज, मग डस्ट अशी उतरंड आहे. डस्ट म्हणजे धूळ नव्हे, बारीक पत्तीची प्रत.

स्वयंपाकघर आणि मेन्यूकार्ड

क्रंब म्हणजे पावाचा किंवा केकचा चुरा. उच्चार 'क्रम', शेवटचा ब गिळायचा. क्रम्बल या क्रियापदात मात्र तो ब ऐकू येतो. पोदेराच्या धंद्यात क्रंबचा आणखी एक अर्थ आहे: पावाचा आतला मऊ, जाळीदार भाग. वरचं कवच म्हणजे क्रस्ट. पोयीविषयी लिहिताना 'सॉफ्ट क्रंब' याचा अर्थ हा.

मेन्यूवर रवा लावून तळलेल्या इसवणाला 'क्रंब-फ्राइड' छापू नका. क्रंब म्हणजे ब्रेडचा चुरा, आपला तर रवा. 'रवा-फ्राइड' छापून खाली 'कोटेड इन सेमोलिना' लिहावं. रवा गव्हाचाच असल्याने ग्लूटेन टाळणाऱ्याला ते सांगणंही भाग आहे.

माशाचा काटा म्हणजे 'फिश बोन'. 'थॉर्न' हा फक्त झाडाचा. शिजलेल्या माशाचे आपोआप सुटणारे पदर म्हणजे फ्लेक्स. कुर्लीत दाताखाली कवच आलं तर 'अ बिट ऑव्ह शेल'. तिसऱ्या नीट न धुतल्याने कचकच लागली तर ती 'ग्रिट', आणि पाहुणा 'द क्लॅम्स आर ग्रिटी' म्हणेल. ही तक्रार आहे, चवीचं वर्णन नव्हे. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू सोडू द्यायची, मग वरून अलगद उचलून घ्यायच्या. भांडं उपडं केलं तर तळाची वाळू पुन्हा त्यांच्यावरच येते.

बेबिंकाची नेहमीची फोड म्हणजे 'स्लाइस'. पोट भरलेल्याला चवीपुरती पातळ कातळी हवी असेल तर तो 'जस्ट अ स्लिव्हर' म्हणतो, तेव्हा नेहमीच्या निम्म्याहून कमी वाढावं. माडाच्या गुळाचा खडा 'लम्प', कलिंगडाचा जाड चौकोनी तुकडा 'चंक', ताटात उरलेलं अन्न 'स्क्रॅप्स'. किसलेलं खोबरं 'ग्रेटेड', लांब पातळ काप 'श्रेड्स' किंवा 'शेव्हिंग्ज'.

जुने गोवे आणि संग्रहालय

अवशेषांविषयी बोलताना शब्दाला आदर लागतो. गाइडचं काम करणाऱ्यांनी हे चार शब्द वेगळे ठेवावेत: फ्रॅगमेंट, शर्ड, रुइन्स, रेलिक.

फ्रॅगमेंट म्हणजे एखाद्या मोठ्या, अर्थपूर्ण वस्तूचा उरलेला भाग: शिलालेखाचा, मूर्तीचा, हस्तलिखिताचा, हाडाचा. कागदाच्या कपट्याला कोणी फ्रॅगमेंट म्हणत नाही, पण त्यावर जुनी मोडी अक्षरं असतील तर म्हणतात. खापराच्या ठिकरीला पुरातत्त्वात 'शर्ड' म्हणतात. काचेचा तो शार्ड, मातीच्या भांड्याचा तो शर्ड. मूळ एकच, पण उत्खननाच्या अहवालात शर्डच लिहितात. अझुलेजोची, म्हणजे पोर्तुगीज धाटणीची रंगवलेली चकचकीत, फरशी काठाला उडाली असेल तर 'चिप्ड टाइल', अर्धीच उरली असेल तर 'टाइल फ्रॅगमेंट'.

सेंट ऑगस्टिनचा मनोरा दाखवताना हे सगळे शब्द एका जागी लागतात. चर्चचं छत 1842 मध्ये कोसळलं, दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा 1931 मध्ये पडला. पडला त्या क्षणी जो ढीग झाला तो रबल. आज जे उभं आहे ते रुइन्स, हेही बहुधा अनेकवचनी. तिथल्या उत्खननात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला मिळालेलं हाताचं हाड हे फ्रॅगमेंट ऑव्ह बोन. डीएनए तपासणीतून ते 1624 मध्ये शिराझ इथे मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या राणी केतेवानचं असल्याचा निष्कर्ष निघाला, आणि श्रद्धेच्या दृष्टीने ते रेलिक झालं. 2021 च्या जुलैमध्ये भारताने जॉर्जियाला दिला तो रेलिक. प्रयोगशाळेत बोलताना फ्रॅगमेंट, वेदीसमोर बोलताना रेलिक. बॉम जेझूमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पार्थिवाविषयी बोलतानाही 'रेलिक्स'च म्हणावं. 'पीसेस' हा शब्द तिथे भाविकाला बोचतो.

मोजायचे आणि न मोजायचे

डेब्री, रबल, ग्रॅव्हल, ग्रिट, सॉडस्ट, श्रॅप्नेल, भंगार या अर्थी स्क्रॅप: यांना अनेकवचन लावू नका आणि आधी 'अ' लावू नका. एकच हवा असेल तर 'अ पीस ऑव्ह डेब्री'. 'पीस' हा शब्द खरा कामाला येतो तो इथे. शार्ड, चिप, स्प्लिंटर, स्लिव्हर, फ्लेक, क्रंब, फ्रॅगमेंट मोजता येतात. स्मिदरीन्स, म्हणजे चक्काचूर, फक्त अनेकवचनात आणि फक्त 'स्मॅश्ड टू स्मिदरीन्स' अशा वाक्यात येतो. एक स्मिदरीन कोणी उचलत नाही.

न दिसणाऱ्या गोष्टींनाही हे शब्द लागतात, पण जोड्या ठरलेल्या आहेत. पुराव्याला श्रेड, सत्याला ग्रेन, आशेला स्लिव्हर, कानावर पडलेल्या संभाषणाला स्निपेट. अदलाबदल केली की वाक्य परकं वाटतं.

एक रिपोर्ट, आधी आणि नंतर

हॉटेलच्या वहीत नेहमी दिसणारी नोंद अशी: 'ग्लास ब्रोक निअर पूल. स्मॉल पीसेस एव्हरीव्हेअर. पीस वेंट इन गेस्ट लेग. क्लीन्ड.'

हीच नोंद नीट लिहिली तर: 'अ वाइन ग्लास शॅटर्ड ऑन द पूल डेक ॲट 6:40 पीएम. द शार्ड्स वेअर स्वेप्ट अप अँड द स्लिव्हर्स लिफ्टेड विथ डॅम्प पेपर. अ स्प्लिंटर ऑव्ह ग्लास वॉज रिमूव्ह्ड फ्रॉम द गेस्ट्स लेफ्ट फूट बाय द नर्स. द डेक वॉज चेक्ड विथ अ टॉर्च अँड रीओपन्ड ॲट 7:30 पीएम.'

शॅटर्डमुळे कळतं की तडा किंवा टवका नव्हता, ठिकऱ्या झाल्या होत्या. शार्ड्स आणि स्लिव्हर्स वेगळे लिहिल्याने दोन्ही प्रकारची साफसफाई झाल्याची नोंद राहते. स्प्लिंटर म्हटल्याने जखम केवढी होती ते कळतं, कारण शार्ड घुसला असता तर टाके पडले असते. आणि आपल्या 'पाय' या शब्दात तळव्यापासून मांडीपर्यंत सगळं येतं. इंग्रजीत घोट्याच्या खाली फूट, वर लेग. डॉक्टरचा कागद आणि हॉटेलची वही यांत फूट-लेगची गफलत झाली तर दावा तिथेच अडतो, म्हणून नोंद करण्याआधी पाहुण्याला बोट दाखवून जागा विचारून घ्यावी.